नाकाचा वाकडा पडदा आणि अडलेला श्वास

‘नाकाचे हाड वाढले आहे’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते. वास्तविक तेथे वाढलेले असे बहुधा काही नसते. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक उभा पडदा आहे. तो पुढच्या बाजूस लवचीक कूर्चेचा व मागे पातळ हाडाचा असतो. तो एका बाजूस झुकला की त्याला आपण ‘हाड वाढले’ म्हणतो. अगदी सरळ पडद्याची माणसे थोडी. कोणाचा जन्मापासून, कोणाचा वाढीच्या वयात, तर कोणाचा मार लागून वाकडा झालेला असतो. मग एकाला रात्रभर तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि दुसऱ्याला आपल्या पडद्याचा पत्ताही नसतो, हे कसे?

पहिले कारण जागेचे. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्यांना कर्नाळ्याची खिंड ठाऊक आहे. मोकळ्या माळावर मालमोटार बंद पडली तर बाजूने जाता येते. खिंडीत पडली की मागे रांग लागते. नाकातही अशी खिंड आहे. नाकपुडीच्या आत सुमारे सव्वा सेंटिमीटरवर श्वासाची वाट सर्वांत अरुंद होते, आणि नाकातून जाताना हवेला होणाऱ्या अडथळ्यापैकी निम्म्याहून अधिक तेथेच होतो. त्या जागी पडदा थोडा झुकला तरी जाणवतो. मागे, ऐसपैस जागेत, पुष्कळ वाकला तरी खपून जातो.

दुसरे कारण नाकाच्या अस्तराचे. नाकाच्या बाहेरच्या भिंतींवर शिंपल्यासारखे उंचवटे आहेत. त्यांतील रक्तवाहिन्या भरल्या की ते फुगतात, रित्या झाल्या की आक्रसतात. निरोगी माणसातही काही तासांच्या अंतराने दोन्ही बाजू आलटून पालटून फुगतात. रिखार्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये याचे वर्णन केले. एकूण वाट तेवढीच राहत असल्यामुळे आपल्याला ते कळत नाही. परंतु ज्याची एक बाजू पडद्याने आधीच अडवली आहे, त्याच्या मोकळ्या बाजूची पाळी आली की तो कोंडतो. म्हणून कित्येकांची तक्रार नेमकी मोकळ्या बाजूबद्दल असते!

तिसरे कारण संवेदनेचे. आत जाणाऱ्या हवेचा गारवा नाकातील मज्जातंतूंना लागतो, आणि त्यावरून ‘नाक मोकळे आहे’ असे आपल्याला वाटते. मेन्थॉल हुंगल्यावर वाट रतिभरही रुंद होत नाही, तरी बरे वाटते ते याचमुळे. नुसत्या मापावरून कोणाचा त्रास किती हे सांगता येत नाही.

आता हे सारे एका कामगार चळवळीतल्या माणसाने का सांगावे? कारण, दहा वर्षे वाकड्या पडद्यासह सुखाने श्वास घेणारा माणूस धुळीच्या किंवा उग्र वाफेच्या खात्यात गेला की त्याचे अस्तर सुजते आणि नाक बंद होते. तपासणीत पडदा वाकडा दिसतो, दोष पडद्यावर जातो आणि धूळ सुटते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमाने धूळ व धूर उगमापाशीच ओढून घेण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. ती कामगाराच्या नाकावर ढकलता येत नाही.

तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात: त्रास केव्हापासून आहे, आणि सुटीच्या दिवशी तो कमी होतो काय. अस्तर आक्रसवणारे औषध घालून पाहिल्यावर श्वास मोकळा झाला, तर मुख्य दोष सुजेचा. तरीही अडला, तर पडद्याचा संशय बळावतो. ही परीक्षा डॉक्टरांनीच करावी. असे थेंब दुकानातून आणून आठवड्याहून अधिक काळ घालत राहिल्यास नाक उलट अधिकच चोंदते. शस्त्रक्रियेने पडदा सरळ होतो व योग्य रोग्याला तिचा मोठा उपयोगही होतो. परंतु ॲलर्जी व धूळ तिने जात नाहीत. आणि ज्याला काहीच त्रास नाही, त्याने केवळ पडदा वाकडा दिसला म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याचे कारण नाही.