गुप्त सेवा आणि घेणाऱ्याचा मान

सेवा करावी, पण तिचा डांगोरा पिटू नये, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. गीतेतले निष्काम कर्म घरोघर ठाऊक आहे. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे आणि कोणाला पाया पडू न देणारे गाडगेबाबा आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा ख्रिस्ती जीवनात याच तत्त्वाचे वेगळे असे काय आहे, असे श्रोत्यांनी विचारल्यास ते रास्तच आहे. आमचे विवेचन त्या प्रश्नापुरते आहे. ते अधांतरी राहू नये म्हणून ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके आम्ही डोळ्यांपुढे ठेवणार आहोत.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशूने दान, प्रार्थना व उपास या तीन गोष्टी ओळीने घेतल्या आहेत आणि तिन्हींविषयी एकच इशारा दिला आहे: लोकांनी पाहावे म्हणून त्या करू नका. तेथले दोन ग्रीक शब्द मोठे बोलके आहेत. आपण ज्याला ढोंगी म्हणतो, तो शब्द मुळात रंगभूमीवरील नटाचा. दुसरा शब्द व्यवहारातला. दिखाऊ दान करणाऱ्याला त्याचे फळ मिळून चुकले असे जे म्हटले आहे, तेथले क्रियापद त्या काळी पैसे पोचल्याच्या पावतीवर लिहीत असत. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या जुन्या पावत्यांवर ते आजही वाचता येते. टाळी वाजली की पावती फाटली. मग येणे काही उरले नाही! मात्र फळाची आशाच सोडा, असे येथे सांगितलेले नाही. फळ आहे, पण ते गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याच्या हातून घ्यावयाचे आहे. म्हणून गीतेच्या शिकवणुकीशी तिचे नाते जवळचे असले, तरी दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही.

याच प्रवचनात थोडे आधी, दिवा मापाखाली झाकू नका, असेही सांगितले आहे. हा विरोध वरवरचा आहे. भ्यालेला मनुष्य आपले सत्कृत्य लपवितो, त्याला पहिला उपदेश. फुगलेला मनुष्य ते मिरवितो, त्याला दुसरा. आणि घरात दिवा लागला म्हणजे माणसे भाकरी थापतात, मुले पाटी घेऊन बसतात. दिव्याकडे टक लावून कोणी बसत नाही.

परंतु ही सर्व चर्चा बहुधा देणाऱ्याच्या मनाभोवतीच फिरत राहते. त्याला गर्व झाला काय, त्याचा आत्मा शुद्ध राहिला काय! घेणारा कोठे आहे, हे आपण विचारीत नाही. आमच्या मते या शिकवणुकीची कसोटी घेणाऱ्याच्या अंगणातच लागते.

शहापूर-मुरबाडच्या कातकरीवाड्यांत पावसाळ्यात घरातले धान्य संपते, तेव्हा वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते. दिवाळी सरली की ती फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. अशा वाडीवर कोणी पाहुणे ब्लँकेटे घेऊन येतात. बरोबर कापडी फलक असतो, छायाचित्र घेणारा असतो. म्हातारीला पुढे बोलावून ब्लँकेटाचे एक टोक तिच्या हाती व दुसरे पाहुण्यांच्या हाती देतात आणि तिला हसावयास सांगतात. ब्लँकेट फुकट मिळाले असे आपण म्हणतो. तिने आपल्या गरिबीचे चित्र देऊन त्याची किंमत भरली आहे. स्तुती देणाऱ्याला मिळते, पण तिचा खर्च घेणाऱ्याच्या खात्यावर पडतो. डाव्या हाताला कळू देऊ नये, या सांगण्यात त्या म्हातारीची अब्रू राखलेली आहे.

याच भागात जे काम खरोखर लागते त्याचे छायाचित्र निघतच नाही. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दिवसभर बसणे, शिधापत्रिकेवरचे चुकलेले नाव दुरुस्त करून घेणे, रात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचविणे, यात पाहण्याजोगे काय आहे? (शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा धरणांचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. याला मात्र कोणी निरपेक्ष सेवा म्हणू नये. ती कोणी तालुक्याला विचारून घेतलेली नाही.)

ख्रिस्ती सेवकाला येथे आणखी एक परीक्षा द्यावी लागते. त्याच्या औषधामागे धर्मांतराचा हेतू असेल, अशी शंका पुष्कळांना येते. या शंकेवर रागावण्यापेक्षा आपण स्वतःला विचारावे, हे बरे. औषध देऊन मनातल्या मनात डोकी मोजणे ही पावती फाडण्याचीच दुसरी तऱ्हा होय. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले. धरून देणारा यहूदाही त्यांत होता, असे योहानाच्या वृत्तांतावरून दिसते. पाय धुण्यापूर्वी कोणाला काही कबूल करावयास लावले नाही.

गुप्ततेच्या नावाखाली हिशेब दडविणे हे मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही. लोकांचा पैसा घेतला की पैन्‌पैचा हिशेब लोकांपुढे ठेवलाच पाहिजे. हिशेबात रुपये दाखवावयाचे असतात, म्हातारीचा चेहरा नव्हे.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात या दृष्टीने केडगावचे मुक्ती सदन पाहण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणल्या आणि त्यांना पोसून न थांबता विणकाम, शेती, छपाई शिकविली. घेणारीचे हात कामाला लागले की तिला कोणापुढे मिंधे राहावे लागत नाही. १९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्या वेळी त्यांचे मन मात्र बायबलच्या भाषांतरात होते, साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीतल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. १९२४ साली ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. आपण त्याला रमाबाईंचे बायबल म्हणतो. खिळे जुळविणाऱ्या मुलींपैकी एकीचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.