साठीनंतर दुचाकीची चाचणी

दसरा उलटला की आमच्या बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि मागे राहतात ती वृद्ध माणसे व शाळेत जाणारी नातवंडे. पुढचे पाच-सहा महिने दूध घालणे, बँक, शाळा, दवाखाना हा सगळा कारभार साठी ओलांडलेल्यांच्या अंगावर येतो. एस.टी.ची फेरी सकाळ-संध्याकाळची, आणि मुलाची मोटरसायकल ओसरीत उभी. ती कोण चालविणार, हे बहुतेक घरांत न बोलताच ठरलेले असते.

अशाच एका आजोबांनी मागच्या वर्षी माझ्या टेबलावर वैद्यकीय प्रमाणपत्राचा कोरा नमुना ठेवला. वय ६६. पंधरा वर्षांपासून मधुमेह. पत्नीच्या पायाला जखम, दर दोन दिवसांनी पट्टी बदलावी लागे. नात तिसरीत. परवाना संपून दोन वर्षे झाली होती, त्यामुळे पुन्हा चाचणी देण्याची वेळ आली होती. "डॉक्टरसाहेब, सही तेवढी करून द्या. गाडी तर मी चाळीस वर्षं चालवितोय," ते म्हणाले.

पुष्कळ ज्येष्ठ नागरिकांना नियम ठाऊक नसतो म्हणून थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, परवाना संपण्यापूर्वी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मात्र परवाना ज्या दिवशी संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालविण्याचा अधिकार उरत नाही. पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलत आता नाही. एक वर्ष उलटून गेले तर मैदानावरील चाचणी पुन्हा द्यावी लागते. पंचावन्न वर्षे ओलांडल्यावर मिळणारा परवाना एका वेळी पाच वर्षांचाच असतो. चाळिशीनंतरच्या अर्जदाराला 'नमुना १-अ' या वैद्यकीय प्रमाणपत्राची आवश्यकता असते. परवान्याशिवाय अपघात झाला तर विम्याच्या भरपाईतही अडचण येते. घरातील एखाद्या जाणत्या माणसाने वडिलांच्या परवान्यावरील तारीख आज एकदा पाहून ठेवावी.

आता सहीविषयी. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका परिचित गृहस्थांच्या अशाच कागदावर चहा पिता पिता सही केली होती. माणूस धडधाकट होता, वर्तमानपत्र बिनचष्म्याचे वाचत होता. पाच महिन्यांनी ते मांडीचे हाड मोडून घेऊन आले. बाजूच्या रस्त्याने आलेला ट्रॅक्टर त्यांना दिसलाच नव्हता. नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले तेव्हा काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची कडेची दृष्टी खाल्लेली आढळली. समोरचे स्वच्छ दिसत असल्यामुळे त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. समोरासमोर बसून, त्यांच्या कानाच्या रेषेत माझी बोटे हलवून पाहिली असती तर शंका येण्यास दोन मिनिटे पुरली असती. त्या प्रमाणपत्रात डॉक्टर असे लिहून देतो की, मी या व्यक्तीस प्रत्यक्ष तपासले असून दूरची दृष्टी, ऐकण्याची क्षमता, हातपाय व सांधे यांकडे विशेष लक्ष दिले आहे. तेव्हा मी केवळ नाव लिहिले होते.

म्हणून आजोबांना घेऊन मी दवाखान्याच्या बाहेर आलो. नियमानुसार चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीचा नंबर ओळखता आला पाहिजे. अडीच फुटांचे एक पाऊल धरले तर साधारण ३३ पावले होतात. ही पाहणी घरीही सहज करता येते. चष्मा लावून गाडी चालवीत असाल तर चष्मा लावूनच पाहावे. आजोबांनी "एमएच २३" वाचले. पण ते सवयीने, कारण बीडच्या गाड्यांवर तेच असते. पुढच्या चार आकड्यांपैकी दोन चुकले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. "रात्री समोरच्या दिव्यानं डोळ्यासमोर नुसता चांदणं होतो," हे त्यांनी तेव्हा सांगितले. मोतीबिंदूचे ते नेहमीचे लक्षण आहे. माणूस मात्र ते 'आजकालचे दिवेच फार प्रखर' म्हणून सोडून देतो.

पुढची तपासणी पायांची. डोळे मिटायला सांगून तळव्यांना कापूस लावला. उजव्या पायाच्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो. तळवा बधिर असेल तर ब्रेकवर पाय आहे की नाही, किती दाबला, हे पायाऐवजी डोळ्यांनी ठरवावे लागते आणि मग नजर रस्त्यावरून खाली जाते. आजोबांच्या टाचेला आणि घोट्याला संवेदना शाबूत होती, ही जमेची बाजू. त्यानंतर त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घेतला आणि उभे करून एक व तीन मिनिटांनी पुन्हा घेतला. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा धोका असतो. प्रोस्टेटसाठी रात्री घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी असे होते. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खोकल्याची कित्येक औषधेही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुस्ती ठेवतात. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना 'मी गाडी चालवितो' एवढे सांगावे. हे आम्हांला कोणी सांगतच नाही.

मान दोन्ही बाजूंना कितपत वळते, हेही पाहिले. वळण घेण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहणे आवश्यक असते, कारण आरशात सगळे दिसत नाही. मान आखडलेला माणूस मागे पाहण्यासाठी धड वळवितो आणि धडाबरोबर हँडलही वळते.

मी त्या दिवशी सही केली नाही. आजोबा रागावले. साहजिक होते, मुलगा-सून आठ दिवसांत जाणार होते. त्यांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मोतीबिंदूसाठी पाठविले. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड महिन्याने नवा चष्मा मिळाला. तोवर नातीला शेजाऱ्यांच्या मुलाने शाळेत पोचविले आणि पट्ट्या मी गावात जाणाऱ्या परिचारिकेकडे सोपविल्या. पुन्हा अंगणात ३३ पावले मोजली. या वेळी चारही आकडे बरोबर आले. मग मी सही केली आणि शिकाऊ परवान्यापासून त्यांची सुरुवात झाली.

आता मैदानाविषयी, कारण ज्येष्ठांची खरी अडचण तेथे होते. बहुतेक ठिकाणी दुचाकीच्या चाचणीत आठच्या आकड्यासारख्या वाटेवरून पाय न टेकता गाडी फिरवावी लागते. रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला हे किरकोळ वाटते. प्रत्यक्षात वेगात असलेली दुचाकी बऱ्याच अंशी स्वतःला सावरते. चालण्याच्या गतीला आली की तोल माणसाला सांभाळावा लागतो. त्यासाठी कानातील तोलाची यंत्रणा, पायांची संवेदना, डोळे आणि मनगट या सर्वांचे एकमत व्हावे लागते. वयानुसार मंदावते ती हीच गोष्ट. चाळीस वर्षे गाडी चालविलेली माणसे इथे पाय टेकतात, याचे कारण हेच.

सराव घरापासून सुरू करावा. भिंतीजवळ उभे राहून, गरज पडल्यास बोटांचा आधार घेऊन, एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणे. ओला पंचा पिळणे हा क्लच धरणाऱ्या मुठीचा उत्तम व्यायाम आहे, त्यासाठी बाजारातील कोणतेही साधन नको. पंधरा दिवसांनी गाडीकडे वळावे. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी ढकलणे, स्टँडवर लावणे, चढणे-उतरणे एवढेच. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकत नसतील, तर गाडी तुमच्यासाठी उंच आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे.

आजोबांनी रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने आठ आखला. मी त्यांना आधी आठ नको म्हणून सांगितले. आधी सरळ रेषेत शक्य तितके हळू, मग मोठे वर्तुळ उजवीकडून, तेच डावीकडून, आणि मग आठ. रेस स्थिर ठेवायची, अर्ध्या क्लचवर गाडी खेळवायची, मागचा ब्रेक अगदी अलगद. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी कलंडते. आणि नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, जिकडे जायचे तिकडे दूर न्यायची. सराव वीस मिनिटांहून अधिक नको. थकलेल्या स्नायूंना चुकीचीच सवय लागते. शिकाऊ परवाना असेपर्यंत मागे पत्नीला किंवा नातवाला बसवू नये, कायदाही तेच सांगतो.

गिअर सोडून स्कूटी घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. गुडघा किंवा घोटा दुखणाऱ्यांना ती गाडी सोयीची, हे खरे. परंतु मोटरसायकलवर डाव्या हाताला क्लच असतो आणि स्कूटीवर त्याच जागी ब्रेक. घाबरलेल्या क्षणी हात जुन्या सवयीने डावी मूठ आवळतो आणि गाडी गचकन थांबते. दुसरीकडे उजवा पाय नसलेला ब्रेक शोधत राहतो. मेंदूला नवी जागा पटायला काही आठवडे द्यावेत. शिवाय गिअर नसलेल्या गाडीवर चाचणी दिली तर त्या परवान्यावर मुलाची मोटरसायकल चालविता येत नाही, हे अर्ज भरतानाच ध्यानात घ्यावे.

चाचणीच्या दिवशी मधुमेहाच्या रुग्णांनी उपाशी जाऊ नये. बीडला किंवा अंबाजोगाईला कार्यालयात लवकर नंबर लागावा म्हणून गोळी घेऊन न जेवता निघालेली माणसे मी पाहिली आहेत. रांगेत उन्हात दोन तास गेले की साखर उतरते, हात थरथरतात आणि त्याला लोक भीती समजतात. भाकरी खाऊन निघावे, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी, पाणी प्यावे. रक्तदाबाची गोळी चुकवू नये. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट पट्टा बांधून घालावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर साध्या पडण्यानेही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

आजोबा पहिल्या वेळी नापास झाले. दुसऱ्या फेऱ्यात त्यांनी चाकाकडे पाहिले आणि पाय टेकला. सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. त्यांनी दिली आणि उत्तीर्ण झाले.

प्रत्येकाची गोष्ट अशी संपत नाही. फिट येणारे, वारंवार भोवळ येणारे, साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपणारे, कंपवाताने हालचाल मंदावलेले, स्मृतिभ्रंशाने रोजचा रस्ता चुकणारे, यांच्या हातून किल्ली काढून घेणेच योग्य. एका निवृत्त शिक्षकांच्या मुलीने मला विचारले होते, "आम्ही कसं सांगायचं? आयुष्यभर त्यांनीच आम्हांला सांगितलं." मी म्हटले, सांगू नका, माझ्याकडे घेऊन या. डॉक्टरने नाही म्हटले की राग डॉक्टरवर निघतो आणि घरातील नाते टिकते. हा वाईटपणा घेणे आमच्या कामाचाच भाग आहे. मात्र किल्ली काढून घेताना पर्याय हातात ठेवावा: ठरावीक वारी येणारी ओळखीची रिक्षा, किंवा सोबतीला कोणी असेल तर एस.टी. पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट. त्या गुरुजींची शनिवारच्या बाजाराची फेरी आता शेजाऱ्यांच्या रिक्षातून होते. ते माझ्याशी चार महिने बोलले नाहीत.

आजोबा मात्र दर दोन दिवसांनी पत्नीला पट्टीसाठी आणतात. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असते. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा न लावता उभ्या असतात, तेव्हा अंधारात गाडी काढायची नाही असे त्यांनी मला कबूल केले आहे. परवा संध्याकाळी पट्टी उरकायला उशीर झाला, तर त्यांनी मोटरसायकल दवाखान्याच्या ओसरीत लावली, किल्ली माझ्या कंपाउंडरकडे दिली आणि दोघेही शेवटच्या एस.टी.ने गावी गेले.