गळ आणि पाणी – लेखांक ६ : शिशाचा गोळा आणि वाहती नदी

गेल्या आठवड्यात बोया आणि शिसं यांचा हिशेब पाहिला. एक प्रश्न मात्र राहून गेला. मासा पन्नास-साठ फूट खाली असेल तर दोरीला शिसं बांधायचं तरी किती? थोडक्यानं भागत नाही, आणि दोन-चार किलो बांधलं तर मासा लागल्यावर झुंजायचं कोणाशी, माशाशी की शिशाशी?

अमेरिकेतल्या हौशी गळवाल्यांचा यावरचा तोडगा म्हणजे डाउनरिगर. त्यात वजन गळाच्या दोरीला बांधतच नाहीत. नावेच्या काठाला एक चरखी, तिच्यावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळ एक चिमटा. आमिष काही मीटर मागे मोकळं सोडायचं, दोरी चिमट्यात अडकवायची आणि गोळा हळूहळू खाली उतरवायचा. वर गळाची काठी चांगली वाकेपर्यंत दोरी ताणून ठेवायची. मासा भिडला की झटक्यानं चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी फटकन सरळ होते. त्याच क्षणी काठीचा चरखा फिरवून ढील आवळायची. आता दोरीवर फक्त मासा. गोळा आपला तारेला लटकलेला.

मिशिगन राज्यानं १९६६ साली मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत कोहो जातीचे सॅल्मन सोडले. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की हा थंड पाण्याचा मासा तळाकडे सरकतो. त्याला गाठायला हे यंत्र तिकडे फार चाललं.

पण ते सरोवर. नदीत काय?

साचलेल्या पाण्यात, नाव संथ चालत असली तर, गोळा गवंड्याच्या ओळंब्यासारखा जवळजवळ सरळ राहतो. धारेत तो मागे रेटला जातो. तार ४५ अंशांत कलली तर २० मीटर सोडूनही गोळा जेमतेम १४ मीटरवर असतो. आणि धारेचा वेग दुप्पट झाला की तिचा रेटा चौपट होतो. म्हणून थोडं वजन वाढवून काम होत नाही. त्यात नदीच्या तळाला खडक. गोळा फटीत अडकला, तार नावेला पक्की आणि वरून पाण्याचा लोंढा, म्हणजे नाव कलंडायची वेळ. आपल्या चक्रावतीचा पावसाळ्यातला लाल लोंढा ज्यांनी कळंबला पाहिलाय, त्यांना हे जास्त समजावायला नको.

म्हणून वाहत्या नदीत सॅल्मनवाले साधीच युक्ती करतात. मुख्य दोरीला एक आखूड, मुद्दाम कच्ची दोरी जोडून तिला शिसं बांधतात. शिसं अडकलं तर कच्ची दोरी तुटते. जातं ते शिसं, गळ वाचतो. नाव नांगरून ठेवली तरी धार आमिष फिरवत राहते आणि अंडी घालायला वर चढणारा सॅल्मन आपणहून समोर येतो. नदीत शिरल्यावर तो खाणं जवळजवळ सोडतो. तरी आमिषावर तोंड टाकतो, बहुधा चिडून.

तरीही एका नदीवर डाउनरिगर चालतो. वॉशिंग्टन राज्यात ब्रूस्टर गावापाशी ओकानोगन नदी कोलंबियाला मिळते. जुलै-ऑगस्टात ओकानोगन इतकी तापते की सॅल्मन तिच्यात शिरत नाहीत. कोलंबियाच्या गार पाण्यात खोलवर थांबून राहतात. हौशी लोक गोळे सोडतात ते तिथे. पण तिथली कोलंबिया ‘वाहती’ म्हणायची ती नावालाच, कारण खालच्या वेल्स धरणानं तिचा तलाव केलाय. नदीत हे यंत्र चालतं ते नदी अडवल्यावर, असं माझं मत.

मग बाभुळगाव तालुक्यातल्या आपल्या बेंबळा धरणावर ते का चालू नये? पाणी तर तिथेही अडवलेलंच. अडचण माशांची आहे. कटला वरच्या थरातलं बारीक जीवजंतूंचं खाद्य गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगल तळाचा गाळ उकरतो. चकाकत्या पत्र्याच्या आमिषामागे धावणारे हे मासे नव्हेत. शिवाय खोल साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू कमी पडू शकतो, तेव्हा तिकडच्यासारखा मासा खालीच मिळेल असं धरून चालता येत नाही. ढीवर-भोई मंडळी उभ्या जाळ्याला वर बोये, खाली वजन लावून हवा तो थर धरतात. इथे तेच शहाणपणाचं.

राहिली मरळ. ती शिकारी खरी, पण काठच्या गवता-शेवाळात राहते आणि श्वासाला वर येते. तिच्यासाठी चार किलोचा गोळा कशाला? तिचा गळ कसा लावायचा, ते पुढच्या लेखांकात.