त्सेलानेनंतरच्या नायिका

सेसोथो बोलणाऱ्या घरांत मुलांना आजीच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या भेटत आलेली नायिका म्हणजे त्सेलाने. झोपडीत एकटी राहणारी आणि आईसारखा आवाज काढणाऱ्या नरभक्षक राक्षसाच्या पोत्यात सापडणारी पोर. अशा लोककथा पुस्तकात आणल्या त्या लेसोथोतल्या मोरिजाच्या मिशन छापखान्याने. अझारिएले सेकेसे यांचा चालीरीती, म्हणी आणि कथांचा संग्रह १८९३ सालचा, तर एदुआर जाकोते यांचा १९०८चा.

गोष्टीबाहेरची एक खरी नायिकाही त्याच वर्षाची: १९०८च्या ७ जानेवारीला आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीच्या परिचारिकांच्या नोंदवहीत सिसिलिया माकिवाने हे नाव चढलं. शासकीय नोंदणीचा कायदा या वसाहतीने १८९१मध्ये, म्हणजे जगात सर्वांत आधी केला होता. पहिली कृष्णवर्णीय परिचारिका त्या वहीत यायला पुढे सतरा वर्षं लागली. माकिवाने धर्मोपदेशकाची मुलगी. आधी शिक्षिकेचं प्रमाणपत्र घेतलं, मग लव्हडेलच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात परिचर्येचं शिक्षण. घरची भाषा खोसा. पण १९१९मध्ये त्यांचं निधन झालं ते फ्री स्टेटमधल्या थाबा न्चूला, बहिणीच्या घरी. आणि फ्री स्टेट हा सेसोथोचा मुलूख.

तरी सेसोथो मुलांच्या पुस्तकांत परिचारिका यायला बराच काळ जावा लागला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या राज्यघटनेने सेसोथोसह अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिला. २०१२मध्ये ‘नालिबाली’ ही वाचनाची मोहीम आणि २०१४मध्ये मुलांची पुस्तकं काढणारी ‘बुक डॅश’ ही संस्था सुरू झाल्यावर मुलांना आपापल्या भाषेत गोष्टी मिळण्याची वाट रुंदावली. मग पऱ्या-राक्षसांच्या पंगतीत खऱ्या बायका बसू लागल्या.

चरित्रकथांना ‘पहिली’ या शब्दाचा फार मोह, असं मला वाटतं. पण परिचारिका आणि वर्णभेदविरोधी नेत्या आल्बर्टिना सिसुलूंचं पाहा. त्याही खोसाभाषक. १९४०च्या दशकात जोहान्सबर्गच्या रुग्णालयात शिकत असताना त्यांनी अपघातातले कृष्णवर्णीय जखमी जमिनीवर पडलेले पाहिले. गोऱ्यांच्या विभागात खाटा रिकाम्या होत्या. या प्रसंगात कुणीच कशात पहिलं नाही, पण मुलांना सांगावी अशी गोष्ट हीच. १९५७च्या परिचर्या कायद्याने तर नोंदवह्याच वर्णानुसार वेगळ्या केल्या. माकिवानेंचं नाव १९०८मध्ये कुठल्या वहीत चढलं हे मुलांना सांगणाऱ्या लेखकांनी पन्नास वर्षांनी त्या वहीचं काय झालं तेही सांगावं. पोत्यातल्या त्सेलानेची गोष्ट ऐकून झोपणारी मुलं एवढ्याने घाबरणार नाहीत.