‘कोल’ची गोष्ट

तुमच्या घरी कोणी ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ आणि ‘स्टेशन’ला ‘इस्टेशन’ म्हणते का? खेड्यातील काही मराठी माणसे स्टेशनला ‘ठेसन’ म्हणतात. असे शब्द ऐकून काही मुले हसतात. पण हसण्यापूर्वी ‘कोल’ या शब्दाची गोष्ट ऐका.

युरोपच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा एक छोटा देश आहे. तेथील लोकांची भाषा एस्टोनियन. या भाषेत शाळेला ‘कोल’ म्हणतात. बोलताना त्यातील ‘ओ’ जरा लांबवतात.

हा शब्द मूळचा एस्टोनियातील नाही. प्राचीन ग्रीक भाषेत ‘स्खोले’ असा शब्द होता. त्याचा अर्थ होता फुरसत! फुरसतीच्या वेळी लोक ज्ञानाच्या गोष्टी बोलत. हळूहळू अशा चर्चेला आणि मग चर्चेच्या जागेलाही तेच नाव मिळाले. हा शब्द पुढे लॅटिन भाषेत गेला आणि तेथून जर्मन भाषेत आला. तेराव्या शतकात जर्मन लोक एस्टोनियात येऊन राहिले. त्यांच्या बोलीतील ‘स्कोले’ हा शब्द एस्टोनियन लोकांच्या कानी पडला.

त्या काळी एस्टोनियन भाषेत शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजने एकत्र येत नसत. मग लोकांनी काय केले? पहिला ‘स’ गाळला. ‘स्कोले’चे झाले ‘कोल’. ‘स्टोल’ म्हणजे खुर्ची. तिचे झाले ‘टोल’. ‘ठेसन’ म्हणणाऱ्यांनीही ‘स’ असाच गाळला. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्यांनी ‘स’ ठेवला, पण त्याच्या आधी ‘इ’ जोडली. अडचण एकच, उपाय मात्र दोन!

आज ‘कोल’ हाच एस्टोनियन भाषेतील शुद्ध शब्द आहे. शब्दकोशातही तोच छापतात. त्या देशात उच्च शिक्षण मात्र शेकडो वर्षे परक्या भाषांतूनच मिळे. टार्टू येथील विद्यापीठ १६३२ साली स्थापन झाले. तेथे एस्टोनियन भाषेतून शिक्षण सुरू झाले ते १९१९ साली. शाळेचा शब्द बाहेरून आला होता. पण त्यामुळे त्या लोकांची भाषा परकी झाली नाही.

मुलांनो, मराठीचे शुद्ध उच्चार जरूर शिका. पण बोलताना जीभ अडखळली तर लाजू नका आणि दुसऱ्याची अडखळली तर हसू नका. नवा शब्द प्रत्येक जण आधी आपल्या सवयीनेच बोलतो.

आता तुमच्या दादी-नानीच्या बोलण्यातील असे बदललेले शब्द शोधा आणि वहीत लिहा.