चॅटनूगा : नदीकडे वळलेले शहर

अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६९ मध्ये देशातील शहरांच्या हवेचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा टेनेसी राज्यातील चॅटनूगा या शहराची नोंद हवेतील धूलिकणांच्या बाबतीत देशातील सर्वांत घाणेरडे शहर अशी झाली. वॉल्टर क्रॉन्काइट या त्या काळच्या ख्यातनाम वृत्तनिवेदकाने सीबीएस वाहिनीच्या सायंकाळच्या बातम्यांत ती अवघ्या अमेरिकेला ऐकवली. चॅटनूगाच्या रहिवाशांना त्यात नवे काही नव्हते. लोखंडाचे ओतकाम करणाऱ्या फाउंड्री, कोळशाच्या भट्ट्या आणि रेल्वेची इंजिने यांवर हे शहर वाढले होते. भोवती डोंगर असल्याने धूर खोऱ्यात कोंडून राही. भर दुपारी मोटारींचे दिवे लावावे लागत, कचेरीत जाणारे लोक बदलण्यासाठी दुसरा सदरा बरोबर नेत, अशा आठवणी तेथील जुने लोक सांगत आले आहेत.

हे शहर आज अमेरिकेतील नगररचनाकारांच्या अभ्यासाचा विषय आहे. न्यूयॉर्क किंवा शिकागोचे अनुभव पावणेदोन-दोन लाख वस्तीच्या गावाला फारसे उपयोगी पडत नाहीत. चॅटनूगाचे पडतात, म्हणून तेथे इतर शहरांच्या महापौरांची रीघ लागते. पाहुण्यांना दाखवली जातात ती मत्स्यालय, पादचारी पूल आणि नदीकाठची उद्याने. तथापि, या बांधकामांमागे निर्णय कोणी घ्यायचा याची जी लढाई झाली, ती अधिक महत्त्वाची आहे.

हवेचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. १९६९ मध्येच स्थानिक नियम झाले, कारखान्यांना १९७२ पर्यंतची मुदत मिळाली, धुराड्यांवर यंत्रे बसली. दुर्दैव असे, की हवा निवळत असतानाच कारखानेही बंद पडू लागले. १९८० मध्ये शहराची लोकसंख्या १,६९,५६५ होती. १९९० च्या जनगणनेत ती १,५२,४६६ भरली. शहराचा मध्यवर्ती व्यापारी भाग, म्हणजे अमेरिकन लोक ज्याला डाउनटाउन म्हणतात तो, संध्याकाळी पाचनंतर निर्मनुष्य होई. दुकाने उपनगरांतील मॉलकडे गेली होती. मुख्य रेल्वे स्थानक १९७० मध्ये बंद झाले. नदीकाठाला समांतर असा रुंद वाहतूक रस्ता गेल्याने, ज्या टेनेसी नदीच्या धक्क्यावर हे शहर जन्मले, तिच्यापर्यंत पायी पोहोचणेही अवघड होऊन बसले.

या अवनतीस केवळ उद्योगांची मंदी कारणीभूत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘नागरी नूतनीकरण’ या नावाखाली केंद्राच्या पैशाने जुन्या वस्त्या पाडण्याची जी मोहीम चालली, तिने चॅटनूगाचा पश्चिम भाग सपाट केला. कॅमेरॉन हिल या टेकडीचा माथासुद्धा उतरवण्यात आला आणि ती माती महामार्गाच्या भरावासाठी वापरली गेली. विस्थापित झालेल्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांची संख्या मोठी होती. एखाद्या शहराने रस्त्यासाठी आपली टेकडी कापावी, हे त्या काळच्या नियोजनविचाराचे बोलके उदाहरण मानावे लागेल.

पालटाची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. टेनेसी विद्यापीठातील वास्तुकलेचे प्राध्यापक स्ट्राउड वॉटसन यांनी डाउनटाउनमध्येच विद्यार्थ्यांचा एक स्टुडिओ थाटला. नदीकाठ, ओसाड चौक, रिकाम्या इमारती यांचे आराखडे आणि प्रतिकृती तेथे कोणीही येऊन पाहू शके. पुढे १९८४ मध्ये ‘चॅटनूगा व्हेंचर’ या नागरिकांच्या संस्थेने ‘व्हिजन २०००’ हा उपक्रम हाती घेतला. शहर २००० साली कसे असावे, हा प्रश्न सर्वांना खुल्या सभांतून विचारण्यात आला. कोणालाही आत येण्याची मुभा होती. प्रथम कल्पना नुसत्या मांडायच्या आणि लिहून घ्यायच्या. त्यांवर टीका करायची नाही, खर्चाचा हिशेबही मागायचा नाही. निवड नंतर करायची, अशी पद्धत होती. सुमारे वीस आठवड्यांत १,७०० च्या आसपास लोकांनी भाग घेतला आणि त्यातून ४० उद्दिष्टे निघाली. नदीकाठ खुला करणे, मत्स्यालय बांधणे, जुना वॉलनट स्ट्रीट पूल वाचवणे, घरांची दुरुस्ती, कौटुंबिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी आश्रयस्थान अशी ती अगदी वेगवेगळ्या वजनांची यादी होती.

अशा याद्या अनेक शहरांत होतात आणि कपाटात जातात. चॅटनूगाची यादी कपाटात गेली नाही, याचे एक कारण पैसा. १८९९ मध्ये याच गावच्या दोन वकिलांनी कोका-कोला बाटल्यांत भरून विकण्याचे हक्क अवघ्या एका डॉलरच्या करारावर मिळवले होते. त्या धंद्यातून जी घराणी गडगंज झाली, त्यांपैकी लप्टन घराण्याच्या ‘लिंडहर्स्ट फाउंडेशन’ने शहराच्या कामांत पैसा ओतला. १९८६ मध्ये नदीकाठच्या विकासासाठी ‘रिव्हरसिटी कंपनी’ ही विनानफा तत्त्वावरील संस्था स्थापन झाली. तिला स्थानिक प्रतिष्ठाने आणि बँकांनी मिळून १ कोटी २० लाख डॉलरचे भांडवल दिले. त्याच वर्षी स्वस्त घरांसाठी ‘चॅटनूगा नेबरहूड एंटरप्राइज’ उभी राहिली. गावात एक उदार आणि चिकाटीचे धनिक घराणे असणे, हा नियोजनाचा भाग नसून योगायोग होय. चॅटनूगाचा कित्ता गिरवू पाहणाऱ्या शहरांना हा भाग नेमका गिरवता येत नाही.

शिवाय प्रतिष्ठानाला मत देऊन कोणी निवडत नाही. सभांत कोणीही बोलू शकत असले, तरी महापालिकेची खुर्ची कोणाला मिळत होती, हा प्रश्न उरतोच. चॅटनूगात १९११ पासून ‘कमिशन’ पद्धत होती. महापौर धरून पाच जण, प्रत्येकाकडे एकेक खाते, आणि सर्वांची निवड संपूर्ण शहराच्या मतांनी. प्रभाग नव्हते. सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही गौरवर्णीय बहुमतापुढे त्यांचा उमेदवार टिकणे दुरापास्त होते. जॉन फ्रँकलिन १९७१ मध्ये निवडून आले, ते या मंडळावरील पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. १९८७ मध्ये प्राध्यापिका टॉमी ब्राउन आणि त्यांच्यासह १२ कृष्णवर्णीय नागरिकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. ही निवडणूक पद्धत मतदान हक्क कायद्याचा भंग करते, असा निर्णय न्यायाधीश ॲलन एडगर यांनी १९८९ मध्ये दिला. त्यानंतर शहराचे नऊ प्रभाग पाडण्यात आले आणि १९९० मध्ये नवे नगरमंडळ निवडले गेले. नऊपैकी चार सदस्य कृष्णवर्णीय होते.

चॅटनूगाच्या पुनरुज्जीवनाची कथा सांगताना ‘व्हिजन २०००’ चे नाव आवर्जून घेतले जाते. ब्राउन खटल्याचा उल्लेख मात्र पुष्कळदा राहून जातो. वास्तविक दोन्ही घटना एकाच दशकातल्या. पहिलीने लोकांना मत मांडण्याची जागा दिली, दुसरीने त्या मताला अंदाजपत्रकापर्यंत नेणारा प्रतिनिधी दिला. पहिली देणगीदारांच्या सद्भावनेवर अवलंबून होती, दुसरी न्यायालयाच्या आदेशाने आली. म्हणूनच ती नंतरच्या कोणत्याही महापौराला मागे घेता आली नाही.

बांधकामांपैकी पहिले आणि सर्वांत धाडसाचे म्हणजे टेनेसी मत्स्यालय. समुद्रापासून शेकडो मैल आत, मरगळलेल्या औद्योगिक गावात, गोदामांच्या ओसाड परिसरात ४ कोटी ५० लाख डॉलर खर्चून मासे दाखवण्याची इमारत बांधायची, या कल्पनेची टिंगल होणे स्वाभाविक होते. वास्तुविशारद पीटर शेर्मायेफ यांनी त्यातून मार्ग काढला. समुद्र नाही, पण नदी आहे. तेव्हा नदीचेच मत्स्यालय करावे. प्रेक्षक प्रथम सरकत्या जिन्याने वर जातो, तेथे ॲपलेशियन पर्वतातील अरण्याचा भास असतो. मग पाण्याच्या थेंबामागोमाग उतरत उतरत तो टेनेसी नदी, मिसिसिपी आणि अखेर मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोहोचतो. १ मे १९९२ रोजी ते खुले झाले आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. बांधकामाचा पैसा खासगी देणग्यांचा होता. लोक येऊ लागले तशी आजूबाजूच्या गोदामांत उपाहारगृहे आली, मग हॉटेले, आणि बऱ्याच उशिरा राहण्याची घरे.

पुलाची गोष्ट वेगळी. १८९१ मध्ये बांधलेला, सुमारे २,३७० फूट लांबीचा वॉलनट स्ट्रीट पूल १९७८ मध्ये वाहनांसाठी असुरक्षित ठरवून बंद झाला. तो पाडण्यासाठी सरकारी पैसा मंजूर होता. नागरिकांनी मागणी केली, की पाडण्यासाठी ठेवलेली रक्कम दुरुस्तीकडे वळवावी. ती वळवली गेली, देणग्यांची भर पडली आणि १९९३ मध्ये तो केवळ पादचाऱ्यांसाठी उघडला. त्याचा खरा लाभ पलीकडच्या तीराला झाला. उत्तर किनाऱ्यावरील पडकी दुकाने पुन्हा चालू लागली आणि १९९९ मध्ये तेथे कूलिज पार्क झाले.

रस्त्यावरही असेच हिशेबी शहाणपण दिसते. १९९२ मध्ये डाउनटाउनच्या दोन टोकांना जोडणारी विजेवर चालणारी मोफत बससेवा सुरू झाली. दोन्ही टोकांना वाहनतळ बांधले आणि त्यांच्या शुल्कातून बसचा खर्च भागवला. मोटार टोकाला ठेवावी, आत बसने फिरावे, ही योजना. मोटारींवर बंदी न घालता त्यांना दारात थोपवण्याचा हा प्रकार होता. पुढे महापौर बॉब कॉर्कर यांच्या कारकिर्दीत १२ कोटी डॉलरची नदीकाठ योजना आखली गेली आणि २००५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात नदीला तोडणारा रुंद रस्ता आखडून साधा शहरी रस्ता करण्यात आला. खर्चाचा मोठा वाटा हॉटेलच्या खोल्यांवरील करातून आणि खासगी देणग्यांतून आला, म्हणजे पाहुण्यांनीही तो उचलला.

नागरी मालकीचा सर्वांत ठळक फायदा मात्र रस्त्यावर दिसत नाही, तो तारांतून वाहतो. चॅटनूगाची वीज १९३० च्या दशकापासून ‘ईपीबी’ या शहराच्याच मालकीच्या मंडळाकडे आहे. या मंडळाने वीजजाळे अद्ययावत करताना ऑप्टिकल फायबर टाकले. ११ कोटी १५ लाख डॉलरचे केंद्रीय अनुदान मिळाल्याने काम वेगाने झाले. २०१० मध्ये आपल्या क्षेत्रातील प्रत्येक ग्राहकाला सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे इंटरनेट देण्याची घोषणा त्याने केली, तेव्हा देशात हे प्रथमच घडत होते. खासगी केबल कंपन्यांनी न्यायालयात विरोध केला, पण प्रकल्प थांबला नाही. शेजारच्या ग्रामीण भागाला मात्र ही सेवा देता आली नाही. राज्याचा कायदा आड आला आणि केंद्रीय आयोगाने २०१५ मध्ये दिलेली सवलत अपील न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द ठरवली. २०२० मध्ये करोनाकाळात शाळा बंद झाल्या, तेव्हा याच जाळ्यावरून गरीब घरांतील हजारो विद्यार्थ्यांना मोफत जोडणी देण्यात आली.

२०२० च्या जनगणनेत चॅटनूगाची लोकसंख्या १,८१,०९९ झाली. हा आकडा नुसता वाचला तर यशाची खूण वाटते. त्याच्या पोटातला दुसरा आकडा अस्वस्थ करणारा आहे. २००० साली शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. वीस वर्षांत ते ३० टक्क्यांच्या आत आले. पूर्वी ईस्ट नाइन्थ स्ट्रीट म्हणून ओळखला जाणारा, आता मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव असलेला रस्ता एकेकाळी कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचा आणि संगीताचा कणा होता. गायिका बेसी स्मिथ याच शहरातली. डाउनटाउनला लागून असल्यामुळे तेथील जमीन महागली आणि जुन्या भाडेकरूंना तेथे राहणे परवडेनासे झाले. भाव पडलेले असताना ज्यांना ही वस्ती सोडता आली नाही, त्यांनाच भाव चढल्यावर ती सोडावी लागली.

आठवणींच्या बाबतीतही नदीकाठाला वेळ लागला. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलले गेले, ते याच धक्क्यावरून. त्याची दखल घेणारे ‘द पॅसेज’ हे शिल्पस्थळ चेरोकी कलावंतांनी २००५ मध्ये साकारले. पादचारी पुलावर मार्च १९०६ मध्ये एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने फाशी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिक्षेला स्थगिती दिली असताना हे घडले, म्हणून शेरीफ जोसेफ शिप यांच्यावर त्या न्यायालयाने स्वतः अवमानाचा खटला चालवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला. जॉन्सनची शिक्षा २००० मध्ये रद्द झाली. पुलाच्या दक्षिण टोकाशी त्याचे स्मारक उभे राहिले ते सप्टेंबर २०२१ मध्ये, पूल पुन्हा खुला झाल्यानंतर तब्बल २८ वर्षांनी. नागरिकांच्या एका गटाने त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता.

आता वादाचे केंद्र दक्षिणेकडे सरकले आहे. बंद पडलेल्या फाउंड्रीच्या जागेवर बेसबॉलचे मैदान बांधण्याच्या योजनेला शहर आणि काउंटी यांनी २०२२ मध्ये मान्यता दिली. कर्जफेडीचा मुख्य आधार आहे वाढीव मालमत्ता कराचा. म्हणजे मैदानाभोवती जमिनीचे मूल्य वाढेल, त्या वाढीवरचा कर एरवी सर्वसाधारण तिजोरीत गेला असता, तो तीस-तीस वर्षे या कर्जाकडे वळवायचा. समर्थक म्हणतात, मैदान नसते तर वाढही झाली नसती. विरोधकांचा प्रश्न असा, की नदीपासून हाकेच्या अंतरावरील या जमिनीचे भाव एरवीही चढलेच नसते कशावरून? शाळांचा वाटा या व्यवस्थेतून वगळण्यात आला. बांधकामाचा खर्च मात्र मूळ अंदाजापेक्षा वाढला आणि त्यावर नगरमंडळाच्या व काउंटीच्या बैठकांत पुन्हा चर्चा झडल्या.