आयात शुल्क नेमकं कोण भरतं?

आयातीवर शुल्क लावलं की भुर्दंड परदेशी व्यापाऱ्याला बसतो, हा समज महाडच्या बाजारपेठेपासून दिल्लीपर्यंत पक्का आहे. १४ सप्टेंबर २०२४ ला काय झालं ते पाहा. गणेशोत्सव अजून संपला नव्हता, पोलादपूरच्या वाड्यांवरचे सगळे चाकरमानी मुंबईला परतलेही नव्हते. त्या दिवशी केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. उपकर धरून एकूण भार ५.५ वरून २७.५ टक्के झाला. हे पैसे बंदरात आपल्याच आयातदाराने भरले आणि तेलाच्या पिशवीच्या किमतीत वसूल केले. आपल्याला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला पर्यायही नव्हता.

निदान आपल्या शेतकऱ्याला तरी भाव मिळाला असेल? हेतू तोच होता. पण सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना त्या हंगामात लातूर-विदर्भाच्या बाजार समित्यांत बराच माल त्याखाली गेला. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के. बाकी बहुतेक पेंड, आणि पेंडीला उठाव नव्हता. पोलादपूरच्या डोंगरउतारावर भात, नाचणी, वरी पिकवणाऱ्याच्या वाट्याला तर फक्त महाग तेल आलं. त्याच्या पिकाची वेळ आली, तेव्हा सरकारने उलटी वाट धरली होती. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती देशातला भाव खाली ठेवण्यासाठी. इथला बराचसा भात घरीच खाल्ला जातो हे खरं, पण ज्याच्याकडे विकायला चार पोती उरतात, त्याच्यावर हा उघड अन्याय होता.

संरक्षणाने कारखाना टिकतो, हेही अर्धंच खरं. महाड एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि या धंद्यात एकाचा पक्का माल दुसऱ्याचा कच्चा माल असतो. शुल्काने पहिल्याला आडोसा मिळतो, दुसऱ्याचा खर्च वाढतो. निर्यातदाराला अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन योजनेखाली कच्चा माल बिनशुल्क आणता येतो. देशातच विकणाऱ्या छोट्या कारखानदाराला ती सोय नाही.

निर्यात अनुदानाकडे तर आपण निव्वळ कमाई म्हणून बघतो. २०१९-२० च्या हंगामात साखरेच्या ६० लाख टनांपर्यंतच्या निर्यातीला टनामागे १०,४४८ रुपये, म्हणजे किलोला जवळपास साडेदहा रुपये, केंद्राने दिले. उसाची थकबाकी फेडायला ते लागले, हे मान्य. पण त्याच काळात देशात ३१ रुपये किलोच्या खाली साखर विकायला कारखान्यांना मनाई होती. परदेशी गिऱ्हाइकाच्या साखरेला आपल्या करातून मदत झाली आणि महाडच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला स्वस्त साखरेची वाट बंद राहिली. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला भारताच्या साखर अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. भारताने अपील केलं, पण तिथल्या अपील मंडळावर सदस्यच नेमलेले नसल्यामुळे त्याची सुनावणी झालेली नाही.